फाटलेल्या पानावरचा धडा

पत्र : सप्रेम नमस्कार. माझा मुलगा साडेसात वर्षांचा असून मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकतो. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. मी आणि यजमान दोघेही नोकरीला जातो, त्यामुळे दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. त्या रोज संध्याकाळी त्याच्याकडून बाराखडी म्हणवून घेतात आणि पाटीवर गिरवून घेतात. शाळेतील बाईंचे म्हणणे असे, की अक्षरे घोकून घेऊ नका, त्याने मूल वाचनाला कंटाळते; भरपूर गोष्टी वाचून दाखवा, अडलेला शब्द चित्र पाहून ओळखू द्या, वाचन आपोआप येईल. मागच्या आठवड्यात तो मला गोष्ट वाचून दाखवत होता. पुस्तकात ‘पाखरू’ असे छापले होते आणि तो न अडखळता ‘चिमणी’ म्हणाला. शेजारी चित्र चिमणीचेच होते. मी टोकले, तर म्हणाला, ‘बाईंना चालतं.’ यजमान म्हणतात, हे सगळे सोडा, आपल्या इमारतीतल्या, इंग्रजी अक्षरांचे ध्वनी शिकवणाऱ्या फोनिक्सच्या क्लासला घाला आणि जूनमध्ये इंग्रजी माध्यमात टाका. घरात तीन मते आणि मूल एकच. नक्की कोणाचे ऐकावे? – एक आई, विक्रोळी

उत्तर : सप्रेम नमस्कार.

‘पाखरू’च्या जागी ‘चिमणी’ आली तेव्हा तुम्ही टोकले, हे बरे केले. बाईंना चालते ते तुम्हाला चालू नये, असे मी सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगते. अर्थ जुळला आणि गोष्ट पुढे सरकली, तरी त्या क्षणी मुलाने अक्षरांकडे पाहिलेले नव्हते. त्याने चित्र वाचले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुस्तकांतील चित्रे कमी होत जातील, आणि ‘बाष्पीभवन’ हा शब्द कोणत्याही चित्रावरून ओळखता येणार नाही.

मी मुंबईतील मराठी शाळांत तेहतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले आणि तुमच्या मुलासारख्या मुलांकडून स्वतः फसले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गात एक मुलगी होती, जिचे वाचन ऐकायला मी शेजारच्या वर्गातील बाईंना मुद्दाम बोलावीत असे. पाठ्यपुस्तकातील कोणताही धडा ती ओळीखाली बोट फिरवत, विरामचिन्हे सांभाळत, गोड सुरात वाचत असे. एके दिवशी तिच्या पुस्तकातील मधले एक पान फाटून गेलेले होते. डावीकडचे पान संपल्यावर तिने उजवीकडच्या, म्हणजे भलत्याच मजकुराच्या पानावर बोट ठेवले आणि हरवलेल्या पानावरचा धडा तितक्याच सुरात पुढे चालू ठेवला. वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण सहा महिने मी तिला उत्तम वाचता येते असे धरून चालले होते. तिचे पाठांतर अफाट होते, आणि ते अफाट असल्यामुळेच तिला वाचता येत नाही हे माझ्या नजरेतून निसटले होते. हुशार मुले या बाबतीत शिक्षकाला फार सहज चकवतात.

तेव्हा कोणाचे ऐकावे हे ठरवण्याआधी तुमच्या मुलाला नेमके काय येते ते पाहू. एका कोऱ्या कागदावर मोठ्या आणि सुट्या अक्षरांत दहा-बारा शब्द लिहा. तुम्ही मध्य रेल्वेवर राहता, तेव्हा स्थानकांची नावेच घ्या, शब्दांची वाण नाही. ‘परळ’ आणि ‘दादर’ यांत साधी अक्षरे आणि एक काना, एवढेच आहे. ‘शीव’मध्ये वेलांटी आली, ‘घाटकोपर’मध्ये काना आणि मात्रा दोन्ही आले, ‘भांडुप’ आणि ‘मुलुंड’ यांत उकार आणि अनुस्वार आहेत, ‘कुर्ला’मध्ये रफार आहे, आणि ‘चिंचपोकळी’ म्हणजे तर परीक्षाच. ‘विक्रोळी’ मात्र वगळा. ती पाटी त्याने इतक्या वेळा पाहिली असेल, की तो ती एखाद्या चेहऱ्यासारखी ओळखत असेल. या नावांखाली चार बनावट शब्द लिहा: ‘बगम’, ‘टिपूल’, ‘खोरवा’, ‘मेणुका’. ही काल्पनिक प्राण्यांची नावे आहेत, असे त्याला सांगा, म्हणजे तो त्यांत अर्थ शोधत बसणार नाही. ही कल्पना माझी नव्हे. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतील मुलांची अशीच छोटी तपासणी होते. तीत ४० शब्द असतात, त्यांतले निम्मे बनावट असतात, आणि त्या बनावट शब्दांशेजारी चित्रविचित्र प्राणी काढलेले असतात. जो शब्द जगात नाही तो कोणाला पाठ असू शकत नाही आणि चित्रावरून ओळखताही येत नाही. तो वाचावाच लागतो. मुलाने जे म्हटले ते शब्दासमोर जसेच्या तसे लिहून ठेवा, दुरुस्त करू नका.

आता बाईंविषयी. त्या आळशीपणाने किंवा मनाने काही सांगत आहेत, असे समजू नका. त्यांच्या सल्ल्यामागे परदेशात अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे, आणि त्यातील एक बाजू आपल्याकडे प्रशिक्षणवर्गांतून आणि पुस्तिकांतून येऊन पोहोचली आहे. अमेरिकेतील शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण शब्द चित्रासारखा नजरेने ओळखायला लावण्याची पद्धत रूढ झाली होती. १९५५ साली लेखक रुडॉल्फ फ्लेश यांनी तिच्यावर पुस्तक लिहून कडाडून हल्ला चढवला आणि अक्षर व ध्वनी यांचे नाते आधी शिकवा, असा आग्रह धरला. १९६७ साली वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी तोपर्यंतचे संशोधन तपासून जवळपास तेच सांगितले, तेही फ्लेश यांच्याहून कितीतरी संयमाने. नेमक्या त्याच वर्षी शिक्षणतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी उलट मांडणी केली, की वाचन हा अंदाजांचा खेळ आहे. वाचक प्रत्येक अक्षर पाहत नाही, तो संदर्भावरून पुढचा शब्द ताडतो आणि अर्थ जुळला की पुढे जातो. यातूनच पुढे ‘होल लँग्वेज’ (म्हणजे ‘समग्र भाषा’) नावाची चळवळ उभी राहिली. चित्र बघ, वाक्याचा अर्थ लाव, पहिले अक्षर पाहून अंदाज कर, आणि अर्थ बिघडत नसेल तर चूक मनावर घेऊ नको, हा तिचा बोध. तुमच्या मुलाची ‘चिमणी’ तिथून उडत आली आहे.

गुडमन यांची मांडणी मोहक होती, पण तपासणीत टिकली नाही. वाचताना डोळे कसे हलतात याचे बारकाईने मोजमाप झाले, तेव्हा असे दिसले, की तरबेज वाचक जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर नजर टाकतो आणि शब्द ओळखण्यासाठी अंदाजाचा आधार फारच थोडा घेतो. अंदाजावर जगतो तो अडखळणारा वाचक. म्हणजे कच्च्या वाचकाची लाचारी ही पक्क्या वाचकाची हातोटी समजून लाखो मुलांना शिकवली गेली. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने अक्षर-ध्वनीचे पद्धतशीर शिक्षण परिणामकारक असल्याचा अहवाल दिला, २००६ साली इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या अहवालाने तोच मार्ग सुचवला, आणि २०२३ साली न्यूयॉर्क शहरानेही आपल्या प्राथमिक शाळांचा वाचनाचा अभ्यासक्रम त्या दिशेने बदलायला घेतला. जी शिकवण त्या देशांत मागे घेतली जात आहे ती आपल्याकडे नवी म्हणून यावी, हे आपल्या शिक्षणक्षेत्राच्या परंपरेला धरूनच आहे.

तरीही बाईंच्या सल्ल्यातील ‘भरपूर गोष्टी वाचून दाखवा’ हा अर्धा भाग सोन्यासारखा आहे आणि तो तुम्ही सोडू नये. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी एक साधे सूत्र मांडले: आकलनासह वाचन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. यातील एक शून्य असले, की दुसरे कितीही मोठे असो, उत्तर शून्यच येते. गोष्टी ऐकून वाढते ती दुसरी क्षमता. पहिली आपोआप येत नाही. बोलणे माणसाच्या पिलाला निसर्गाने दिले आहे, लिपी ही माणसाने नंतर बनवलेली वस्तू आहे आणि ती कोणीतरी दाखवावी लागते.

मुलाच्या आनंदाचा विचार करणारे शिक्षक अक्षरे शिकवत नाहीत, ही समजूतही आपल्या मातीत उगवलेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. बालकेंद्री शिक्षणाचे याहून मोठे नाव महाराष्ट्रात नाही. त्यांनी ज्या माँटेसरी पद्धतीपासून सुरुवात केली, तीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करते. अक्षर, ध्वनी आणि हात, तिन्ही एकत्र. तिथे कंटाळा टाळला गेला तो शिकवण्याच्या रीतीने; अक्षरे टाळून नव्हे.

म्हणजे सासूबाईंचे खरे ठरले का? बरेचसे. पण पुरते नाही, आणि कुठे नाही ते नीट पाहावे लागेल.

मराठी अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार बहुतांशी एकच असतो. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर कधी ‘क’ म्हणून येते, कधी ‘स’ म्हणून, आणि ‘सी’ असा उच्चार तर त्याचा शब्दात क्वचितच होतो. २६ अक्षरांना चाळीसहून अधिक ध्वनी सांभाळावे लागतात. म्हणून त्यांना फोनिक्स नावाचा वेगळा विषय लागतो. आपल्याकडे बाराखडी हीच एका अर्थी फोनिक्स आहे, आणि सासूबाई ती कोणतीही फी न घेता शिकवत आहेत, हे यजमानांच्या कानावर घाला. युरोपातील बारा-तेरा भाषांमधील मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ज्या भाषांत लिहिलेले आणि बोललेले सरळ जुळते तिथली मुले शाळेच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस साधे शब्द जवळपास बिनचूक वाचू लागतात, तर इंग्रजी मुलांना तेवढ्याच टप्प्यासाठी दुपटीहून अधिक काळ लागतो. त्या वादात जी कटुता आहे तिचे एक कारण इंग्रजीचे लेखन हेच आहे. आपण वाद आयात करताना हे कारण तिथेच विसरलो.

सासूबाईंच्या पद्धतीतील उणीव अशी, की बाराखडी म्हणता येणे आणि ती वाचता येणे या दोन गोष्टी आहेत. ‘प पा पि पी’ ही चाल आहे, आणि चालीवर जीभ पुढे जाते, डोळे मागे राहतात. खात्री करायची असेल तर मुलाला ‘पो’ एवढेच लिहून दाखवा. तो क्षणभर थांबून मनातल्या मनात ‘प पा पि पी’पासून निघाला आणि ‘पो’पाशी पोहोचला, तर समजा की त्याला गाणे येते, चिन्ह अजून आलेले नाही. हरवलेल्या पानावरचा धडा म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीपेक्षा ही अवस्था फार वेगळी नाही. घरी बाराखडीचे पाठांतर होते आहे, शाळेत गोष्टीचे. दोन्हीकडून मूल अक्षराला बगल देते आहे.

शिवाय मराठी लिपी सोपी आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा लहान मुलाच्या जागी बसून ती पाहत नाही. ३४ व्यंजने गुणिले बारा रूपे म्हणजे चारशेच्या वर आकृत्या झाल्या (आता ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून तिला चौदाखडी म्हणतात, ते वेगळेच), आणि जोडाक्षरे त्यांत धरलेली नाहीत. ‘दिवस’ वाचताना पहिली वेलांटी डोळ्यांना ‘द’च्या आधी दिसते आणि तोंडाने ‘द’च्या नंतर म्हणावी लागते. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाका’तला ‘च’ एकाच आकृतीत राहतात. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी, आणि ‘दऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा, त्यातही ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कन्नड लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची आणि स्वरचिन्हांची आहे. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना असे आढळले, की सगळी अक्षररूपे हाती येण्याचे काम तिसरी-चौथीपर्यंत, आणि त्याही पुढे, चालू राहते. आपल्याकडे मात्र पहिलीत मुळाक्षरे ‘झाली’ आणि दुसरीत जोडाक्षरे ‘झाली’ असे शिक्षक आणि पालक दोघेही धरून चालतात.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ‘कमल’ हा शब्द मूल ‘क… म… ल’ असा प्रत्येक अक्षरातील ‘अ’ पूर्ण उच्चारून वाचते, पण बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘गडबड’मध्ये तर मधलाही गिळतो. कुठे गिळायचा हे कागदावर लिहिलेले नसते. मूल अक्षरे जुळवते, कानाला काहीतरी परके ऐकू येते, आणि तो शब्द त्याने आधी पुष्कळदा ऐकलेला असेल तरच त्याच्या डोक्यात दिवा लागतो की अरे, हे तर ‘कमल’! ‘करवत’ हा शब्द ज्याने कधी ऐकलाच नाही, तो त्यातली चारही अक्षरे ओळखूनही दारातच उभा राहतो. मराठी वाचनात गोष्टींचे खरे काम इथे आहे. त्या अक्षरांची जागा घेत नाहीत. अक्षरे जोडून झाल्यावर जो उच्चार हाती येतो त्याला घरात घेतात.

तुम्ही संध्याकाळी उशिरा घरी येत असणार. म्हणून वीस मिनिटांहून अधिक काही मागत नाही, आणि त्यातलाही मोठा वाटा सासूबाईंकडेच देते. त्यांना ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ असे कृपया सांगू नका, कारण ते खरे नाही. ‘आई, त्याची बाराखडी पाठ झाली, आता उलटसुलट विचारू या का?’ असे म्हणा. एका वेळी चार-पाचच अक्षरे आणि दोनच चिन्हे घ्यायची. उदाहरणार्थ क, म, ल, प आणि त्यांना काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यावर ‘मका’, ‘पाल’, ‘लाल’, ‘कमी’, ‘पीक’, ‘मामी’, ‘कमाल’ इतके शब्द पहिल्याच आठवड्यात होतात. ‘मामाला काम, काकीला कमी काम’ हे वाक्यही होते, आणि ते वाचून मूल हसले तर समजावे की त्याने खरोखर वाचले. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ही अक्षररूपे लिहून ते जमिनीवर पसरावेत, सासूबाईंनी शब्द उच्चारावा आणि मुलाने तुकडे उचलून जुळवावा. मग उलट: त्यांनी जुळवावा, त्याने वाचावा. पाटी आहेच, तर गिरवण्याऐवजी रोज तीन शब्दांचे श्रुतलेखन घ्यावे. ऐकलेला शब्द फोडून लिहिताना जे ध्यानात येते ते शंभरदा गिरवूनही येत नाही. आपल्या जुन्या शिक्षकांनी मुळाक्षरांची माळ मोडून ‘गमभन’पासून सुरुवात केली, ती हाताला वळण सोपे जावे म्हणून, तसेच जिभेला शब्द लवकर मिळावेत म्हणून आपणही क्रम मोडायला हरकत नाही. हे गट सरावले, की पुढची चार अक्षरे आणि पुढचे चिन्ह.

तो अडला की ‘चित्र बघ’ म्हणू नका. ‘पहिले अक्षर कोणते, त्याला काय लागले आहे, आता जोड’ असे विचारा आणि दहा-बारा सेकंद गप्प राहा. ही शांतता मोठ्यांना फार जड जाते. तरीही जमले नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा. चूक झाल्यावर ओरडण्याची किंवा शेजारच्या मुलाचे उदाहरण देण्याची गरज नाही. यानंतर झोपण्यापूर्वी तुम्ही किंवा यजमानांनी गोष्ट वाचून दाखवावी, आणि त्या वेळी त्याला एकही अक्षर विचारू नये.

हे काम शिक्षणशास्त्राच्या पदवीशिवाय जमेल का, अशी शंका तुम्हाला येईल. मुंबईतच जन्मलेल्या प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला होता. वस्तीतल्याच तरुण मुली, ज्यांचे शिक्षण जेमतेम शालेय होते, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन अगदी मूलभूत वाचन आणि गणित शिकवीत. २००१ ते २००४ या काळात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याचे काटेकोर मूल्यमापन केले आणि मुलांची प्रगती स्पष्टपणे दिसून आली. या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच प्रकारच्या प्रयोगांसाठी. त्या मुलींनी फार वेगळे काही केले नव्हते. मूल जिथे अडले आहे तिथपर्यंत त्या मागे गेल्या, पुस्तक कितवीचे आहे ते त्यांनी पाहिले नाही. सासूबाईंनी तीच रीत धरावी.

तपासणीच्या कागदावरून पुढची दिशा ठरेल. ‘परळ’ आणि ‘बगम’ इथेच तो अडत असेल तर सुरुवात सुट्या अक्षरांपासून. साधी अक्षरे जमतात पण ‘टिपूल’चे ‘टपल’ किंवा ‘टीपल’ होते, असे असेल (आणि मला बहुधा हेच वाटते), तर अक्षरे आली आहेत, चिन्हे कच्ची आहेत. तीन-चार महिन्यांचे काम. सगळे बरोबर वाचतो पण फार सावकाश, असे असेल तर काळजी नाही, नवा नवा सोपा मजकूर देत राहा. केंद्र सरकारच्या २०२१ पासूनच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. तुम्ही मात्र घड्याळ लावून बसू नका. त्याच अभियानात पहिलीसाठी चार-पाच साध्या शब्दांची वाक्ये असलेला ‘अनोळखी’ मजकूर वाचता यावा असे म्हटले आहे, आणि माझ्या मते त्यातील ‘अनोळखी’ हा शब्द सगळ्या आकड्यांहून महत्त्वाचा आहे.

बाईंना भेटाल तेव्हा हाच शब्द उपयोगी पडेल. तक्रारीच्या सुरात बोलू नका आणि वर मांडलेला अमेरिकेचा इतिहासही ऐकवू नका. या महिन्यात वर्गात कोणती अक्षरे आणि चिन्हे चालू आहेत ते विचारा, म्हणजे घरी तेच घेता येईल, आणि त्याने कधीही न पाहिलेला, चित्र नसलेला एक परिच्छेद त्याच्याकडून वाचून घ्याल का, अशी विनंती करा. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे असे वाचन ऐकणे किती कठीण असते हे मला ठाऊक आहे. पण एकदा ऐकल्यावर त्यांना स्वतःलाच ते जाणवेल, जसे मला त्या फाटलेल्या पानाने जाणवले.

नियमित सराव करूनही तीन-चार महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला फळा न दिसणे हे कारण मी अनेकदा पाहिले आहे. तेही ठीक असेल तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, तिथे जा. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाआधी देत नाहीत, परंतु सल्ला मिळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे अशा मुलांना शाळेत आणि परीक्षेत सवलती मिळू शकतात. आजच्या घडीला मात्र तुमच्या पत्रातून मला तसे काही दिसत नाही. न शिकवलेले न येणे, एवढेच दिसते.

राहिला यजमानांचा प्रश्न. इंग्रजी माध्यम हवे असण्याची तुमच्या कुटुंबाची इतर कारणे असतील तर तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यात मी पडत नाही. पण मराठी वाचता येत नाही म्हणून मुलाला इंग्रजी माध्यमात घालणे म्हणजे आगीतून फुफाट्यात लोटणे होय. आज निदान जोडलेला शब्द त्याच्या कानाला ओळखीचा असतो. तिथे लिपीही चकवा देणारी आणि शब्दही अनोळखी, अशी दुहेरी अडचण होईल. अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ एकदा मराठीत बसला, की तीच समज इंग्रजी शिकतानाही कामी येते. तेव्हा क्लासचे पैसे तूर्त वाचवा आणि एप्रिलपर्यंत हा विषय घरात काढू नका.

कागदावर त्याने वाचलेले सगळे, चुकांसह, जसेच्या तसे मला लिहून पाठवा. ‘चिंचपोकळी’ चुकली तरी चालेल. ‘टिपूल’चे त्याने काय केले, ते मला पाहायचे आहे.